तारखांचा रकाना

माया आटपाडीकडची. तिच्या वडिलांनी, धुळांनी, उभा जन्म मेंढरांमागं काढला, पण पोरीला बी.कॉम. केलं. लग्न होऊन ती वाळव्यात आली आणि इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात, शेती विभागात, कंत्राटावर लागली. सभासदाचं नाव, गाव, उसाची जात आणि लागणीची तारीख कॉम्प्युटरवरच्या तक्त्यात भरायची, एवढंच तिचं काम. अशा बारा हजार ओळी.

तिला कुणी काही शिकवलं नाही. एकेक बटण दाबून बघायचं, चुकलं की मागं घ्यायचं, असं करत ती शिकली. वरची ओळ गोठवली की खाली कितीही गेलं तरी रकान्यांची नावं डोळ्यांसमोर राहतात, हे तिला एका दुपारी सापडलं. फिल्टर लावला की एका गावाचेच शेतकरी समोर येतात, आणि अख्खा तक्ता तारखेनं सॉर्ट केला की आधी लागलेला ऊस वर येतो, हेही तिनंच शोधलं. पूर्वी तोडणीची पाळी लावायला तीन माणसं आठवडाभर बसत. माया ते काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकी. शेती अधिकारी विश्वजीत साहेब ती यादी स्वतःच्या नावानं वर पाठवीत. मायाला त्याचं काही वाटत नसे.

जानेवारीच्या शेवटी बनुबाई ऑफिसात आली. साठीची विधवा, दीड एकर ऊस. तिनं उसाचा एक तुरा मायाच्या टेबलावर ठेवला.

"पोरी, ह्यो बघ. अठरा म्हैनं झालं लागणीला. आतनं पोकळ पडाय लागलाय. आन् शेजारच्याचा धा म्हैन्याचा कवळा ऊस तोडून न्हेला. माझं नाव कुटं हाय?"

मायानं नाव शोधलं. बनुबाईच्या पुढं लागणीची तारीख होती गेल्या मार्चची.

"माझ्या हातानं लावलाय मी त्यो, आकाडात," बनुबाई म्हणाली. "तुमाला म्हाईत का मला?"

मायानं आणखी वीस नावं तपासली. एकाचीही तारीख जुन्या नोंदवहीशी जुळेना. नावं जिथल्या तिथं होती, तारखा मात्र सगळ्या खालीवर झाल्या होत्या. कुणीतरी फक्त तारखांचा रकाना निवडून सॉर्ट केला होता. ज्यांचा ऊस आधी गेला ते खुशीत गप्प बसले, म्हणून दोन आठवडे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

ती पुन्हा एकेक बटण उघडत गेली. 'फाइल' या बटणाखालच्या यादीत तिला जुन्या बदलांचा इतिहास सापडला. कोणी, कधी, कुठल्या चौकटीत काय बदललं, ते रंगानं दाखवणारा. बारा जानेवारी, सकाळी अकरा चाळीस. नाव होतं विश्वजीत साहेबांचं.

त्याच इतिहासातून तिनं जुन्या तारखा परत आणल्या, मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांच्याच कॉम्प्युटरवर तो इतिहास उघडून दाखवला. साहेबांनी केबिनचं दार लोटून घेतलं.

"हे आणखी कुणाला दाखवलंयस?"

"न्हाई साहेब. आधी तुमालाच."

"बरं केलंस," ते म्हणाले. "चूक काय, कुणाकडनंही होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फाइल उघडली, तर ती नवी होती. साहेबांनी तक्त्याची प्रत काढून जुनी फाइल पुसून टाकली होती. प्रतीला इतिहास नसतो. एवढं बटण साहेबांना बरोबर सापडलं होतं.

तोवर पन्नासेक शेतकरी संचालकांकडं गेले होते. बैठकीत साहेबांनी सांगितलं, कंत्राटी ऑपरेटरकडनं यादी बिघडली, तिला कमी करतोय. मायाला आत बोलावलं नाही. बाहेरच्या बाकावर तिनं ते उघड्या दारातून ऐकलं. उठून आत जावं असं तिला वाटलं, पण हातात दाखवायला काही नव्हतं.

जायच्या आधी चार दिवस तिला साहेबांच्या भाचीला, साक्षीला, काम शिकवायला सांगितलं. मायानं सगळं शिकवलं. "एक रकाना निवडून कवाच सॉर्ट करू नको, अख्खा तक्ता निवड," हे तीनदा सांगितलं. साक्षी मोबाइलवर बघत हं हं म्हणत होती. शेवटच्या दिवशी बनुबाई दारात भेटली. मायानं तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "माझं वरीस घालवलंस गं पोरी," आणि वाट सोडून पलीकडनं गेली. घरी नवऱ्यानं, रविराजनं, विचारलं, "पण चूक तुझी न्हवती नव्हं?" तो विचारतो आहे याचंच तिला लागलं होतं.

आता ती मिरजेत एका दवाखान्यात पेशंटची नावं भरते. तिथला तक्ताही वेडावाकडाच आहे. वरची ओळ गोठवलेली नाही, एकच नाव तीन-तीनदा आलंय, आणि डॉक्टरांचा माणूस रोज तासभर बोटानं यादी शोधत बसतो. परवा त्यानं विचारलं, "ताई, हे लवकर व्हायची काही युक्ती हाय का?"

"मला फक्त टायपिंग येतं," माया म्हणाली, आणि पुढचं नाव भरायला लागली.