एक किलो आठशे ग्रॅमचा तंबू

प्रकाशचा फोन आला तेव्हा मी बॅग भरत होतो. "मी तंबू घेतला गा," तो म्हणाला. "तू लिहिलं होतंस ना, तोच."

प्रकाश माझा कॉलेजातला मित्र. आता लाखांदूरला एका राईस मिलमध्ये हिशेब बघतो. गळ टाकून मासे धरायचं वेड आम्हा दोघांनाही. वर्षातून दोनतीनदा तलावावर मुक्काम करायचो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आणि ते सगळं थांबलं. आमचा जुना तंबू साडेचार किलोचा. मग मी या ब्लॉगवर लिहिलं, की एक किलो आठशे ग्रॅमचा, दोघांचा, साडेतीन हजारांत मिळणारा तंबू आहे; अधूनमधून मासेमारीला जाणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावा. तो लेख तुमच्यापैकी पुष्कळांनी वाचलाय.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी नागपूरहून सकाळची एसटी धरली. उमरेड, भिवापूर, पवनी करत लाखांदूरला पोचायला साडेतीन तास लागतात. पवनीला गाडी थांबली की खाली उतरून तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. पवनीनंतर दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची नुकती लावलेली रोपं होती. खिडकीतून येणारा वारा थंड लागत होता. फेब्रुवारीच्या मानाने जरा जास्तच थंड.

प्रकाश स्टँडवर उभा होता. पाठीला पट्टा, खांद्यावर छोटी सॅक, त्यात त्याचा नवा तंबू. माझी सॅक बघून त्याने विचारलं, "तू आपला जुनाच तंबू आणला?"

"सवयीचा आहे रे," मी म्हणालो.

तो हसला. मी विषय बदलला.

ऑटोने वीस मिनिटं, मग बांधावरून तीन किलोमीटर पायी. तलाव जुना, मालगुजारांच्या काळातला. मासे गावातल्या मच्छीमार सोसायटीचे, त्यामुळे आधी विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, देवकाबाई आणि तिचा नवरा शंकर जाळं सोडवत बसले होते. दोघंही सोसायटीतले. आम्ही धरलेल्यातलं निम्मं त्यांना द्यायचं आणि जेवण त्यांच्याकडे, असं ठरलं. दुपारी भात आणि झिंग्यांचा रस्सा खाल्ला. असा रस्सा नागपुरात पैसे मोजूनही मिळायचा नाही.

जेवणानंतर प्रकाशने तंबू उभा केला. पाच मिनिटांत झाला. पोराने नवी सायकल दाखवावी तसा तो बाजूला होऊन बघत होता. देवकाबाईने कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"पांघराले बरं आहे जी," ती म्हणाली. "पण राहाले? आभाळ पाह्यलं का तुमी?"

पश्चिमेला काळं दाटून आलं होतं. "तंबूले याचं सर्टिफिकेट आहे मावशी," प्रकाश म्हणाला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

पाचच्या सुमारास वारा सुटला. वाऱ्यामागून अवकाळी पाऊस आला आणि पाठोपाठ गारा. मी शंभरेक पावलांवर माझ्या तंबूच्या दोऱ्या दगडांना बांधत होतो. प्रकाशच्या तंबूच्या खुंट्या सायकलच्या तारेएवढ्या. त्या एकेक करून उपटल्या. तंबू एका बाजूने वर उठला. मी ओरडलो, "सोडून दे!" पण त्याने सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून तो मागे रेलला आणि तेवढ्यात फायबरचा दांडा मधोमध मोडला. प्रकाश पाळीच्या दगडांवर पाठीवरच पडला.

मी पोचलो तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि गारा तोंडावर पडत होत्या. त्याला कूस बदलता येत नव्हती. शंकर आणि देवकाबाई धावत आले, आम्ही तिघांनी माझा तंबू सोडून त्याच्यावर धरला. जाड कापडावर गारा ताडताड वाजत होत्या. आत एकही थेंब येत नव्हता.

"तू झोपला होतास ना गा याच्यात? एखादी रात?" प्रकाशने विचारलं.

खोटं बोलायला तेव्हाही जागा होती. "नाही," मी म्हणालो. "गच्चीवर लावून पाह्यला होता. दुपारी. दुकानदाराने लिहायसाठी फुकट पाठवला होता."

"मंग लिहिलंस काहून?"

देवकाबाई माझ्याकडे बघत होती, मग तिने नजर वळवली आणि आपल्या पदराने त्याचं कपाळ पुसलं.

पाऊस थांबल्यावर शंकरने गावातून बाज आणि दोन माणसं आणली. त्यावर त्याला निजवून चौघांनी रस्त्यापर्यंत नेलं, तिथून ट्रॅक्टरने लाखांदूर. दुसऱ्या दिवशी अँब्युलन्सने नागपूर. दुसरं ऑपरेशन टळलं, पण सहा आठवडे पडून राहायचं आणि बांधाबिंधावरून चालणं कायमचं बंद.

घरी आल्यावर मी तो लेख काढून टाकला. आता खरं सांगतो. नुसतं वजन बघून तंबू घेऊ नका. दांडे अ‍ॅल्युमिनियमचे हवेत आणि वर पावसाचं वेगळं कापड जमिनीपर्यंत यायला हवं. खुंट्या हाताने वाकवून बघा. वाकल्या तर जाड घ्या. असा तंबू दोन-अडीच किलोचा असतो आणि आठ-नऊ हजारांच्या खाली मिळत नाही. परवडत नसेल तर दोघांत एक घ्या आणि ज्याची पाठ धड आहे त्याने तो उचलावा. आणि लिहिणाऱ्याला विचारा, की तू त्यात पावसात झोपला होतास का.

लेख काढल्याचं कळताच दुकानदाराचा फोन आला. "सर, एवढं काय झालं? दुसरं मॉडेल पाठवतो ना." मी नको म्हटलं. म्हणून काही मी चांगला ठरलो नाही.

प्रकाशकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तो झोपला होता, असं वहिनी म्हणाल्या. दीड महिन्याने फोन लावला, तेव्हा त्याने स्वतः उचलला. मी विचारलं, "कसा आहेस?"

"बरा आहे जी," तो म्हणाला. "तुमी कायले तरास घेता?"

सत्तावीस वर्षांत त्याने मला कधी तुमी म्हटलं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत त्याने घरचे सगळे बरे आहेत ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्याने फोन ठेवला.