पेंढ्यातली किल्ली

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आबांना नाही — आबा तर गेलेही, न ऐकताच. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही फार भले वाटता म्हणून नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या महाडच्या बाजारात समोर आलात तरी ओळखणार नाही, एवढी तुमची पात्रता मला पुरते. आणि मान हलवत, च् च् करत ऐकणार असाल, तर आत्ताच उठा.

सुरुवात तशी हसण्यासारखी आहे. मित्रांमध्ये ती मी कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. शेवट तेवढा गाळून.

मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होतो. फी, होस्टेल, पुस्तकं — सगळं शैक्षणिक कर्जावर. अंगातला पांढरा कोटसुद्धा बँकेचाच म्हणायचा. आणि अशा माणसाला काय सुचावं? गाडी. वर्गातल्या पोरांकडे गाड्या होत्या. त्यांच्या बापांची हॉस्पिटलं होती. माझ्या बापाची पोलादपूरच्या वर डोंगरात चार भातखाचरं. हा फरक मला कळत नव्हता का? चांगला कळत होता. तो दुसऱ्यांना कळू नये, एवढीच माझी धडपड.

होस्टेल आणि पुस्तकांसाठी आलेला कर्जाचा हप्ता मी एका सेकंडहँड गाडीत घातला. उरलेल्या रकमेला फायनान्स. विद्यार्थ्याला कोण फायनान्स देणार? म्हणून कागदावर बाप, म्हणजे आबा. त्यांना सांगितलं, खेड्यातल्या ड्युटीसाठी कॉलेजने गाडी सक्तीची केली आहे. आबांनी सही केली. आणि वाडीला सांगितलं — इथे माझी जीभ जरा जास्तच सुटली — की ही गाडी माझी नाही, वाडीची. कुणाला काहीही झालं, कधीही झालं, तर हाक मारायची. वाडीने नारळ फोडला, झेंडूचा हार घातला. मागच्या काचेवर मी लाल रंगाचा डॉक्टरी स्टिकर लावला. डॉक्टर व्हायला अजून बराच अवकाश होता, पण गोंद चांगला होता.

मग मी एका विषयात नापास झालो. बँक म्हणाली, आधी गुणपत्रिका, मग पुढचा हप्ता. गाडीचे हप्तेही त्याच पैशांतून भरायचे, कर्जाने कर्ज फेडायचं, ही माझी थोर योजना. बँकेने हात आखडला तशी गाडीच्या हप्त्यांचीही बोंब झाली. फायनान्सवाल्यांचे फोन सुरू झाले, मग ते होस्टेलच्या फाटकापाशी दिसू लागले. दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी घेऊन घरी पळालो.

वाडीला काय सांगितलं? की कंपनीने फसवलं, पैसे भरूनही गाडी ओढून न्यायला गुंड सोडलेत. वाडी पेटलीच. गाडी वाडीची ना! भातझोडणीचे दिवस होते. आमच्याकडे झोडणी सावडीने होते — आज ह्याच्या खळ्यावर सगळे, उद्या त्याच्या. त्या दिवशी सगळे आमच्या खळ्यावर होते. शेजारचा गणूकाका, आबांचा लहानपणापासूनचा जोडीदार, म्हणाला, “गाडी खळ्यावर घाल रे डाक्टर. वर पेंढ्यांची उडवी रचतो. त्यांच्या बापाला दिसायची नाय.”

आणि खरंच रचली. झोडलेल्या पेंढ्या एकावर एक चढवून गाडी अख्खी गायब केली, स्टिकरसकट. उडवी गोल असते. ही लांबट झाली, पुढून फुगीर आणि मागून बसकी. गणूकाकाची बायको, काकी, कमरेवर हात ठेवून बघत म्हणाली, “म्हैस निजल्यागत दिसते गो.”

मित्रांना मी इथवरच सांगतो. लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसून घ्या. पुढे सोय नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचा दिवा पेंढ्यातून डोकावत होता, म्हणून गणूकाका तिथे आणखी चार पेंढ्या लावायला गेला. उंदरांच्या वासाने घोणस येऊन बसली होती. पायाला डसली. साप सगळ्यांनी पाहिला. मीही पाहिला, ओळखला. ज्या विषयात मी नापास झालो होतो ना, त्यातच सापाच्या विषाचा धडा येतो. तो धडा मला पाठ होता. तेव्हा अडाणीपणाची पळवाटसुद्धा मी तुमच्यासाठी ठेवलेली नाही.

कुणीतरी काकाच्या पोटरीला सुंभ आवळलं होतं. मी ते सोडवलं. पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या, काकाला आडवं केलं, एक पाऊलही चालवू नका म्हणून बजावलं. सगळं बरोबर केलं. बायका माझ्याकडे बघत होत्या — देवाकडे बघावं तशा. मला ते आवडलं. हेही सांगून ठेवतो.

आबा एवढंच म्हणाले, “गाडी काढ.”

माणसांनी पेंढ्याला हात घातलाही होता.

मग मी बोललो. “किल्ली नाय, आबा. काल पेंढा रचताना खिशातनं पडली. कालपास्नं शोधतोय.”

किल्ली माझ्या खिशात होती. काकाजवळ गुडघे टेकून बसलो होतो, ती मांडीला टोचत होती.

का? सकाळी पोलादपूरहून मित्राचा फोन आला होता. फायनान्सची दोन पोरं नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर गाडीचा नंबर घेऊन बसली होती. महाडच्या इस्पितळात जायचं तर त्यांच्या समोरून. गाडी गेली असती. एवढंच. घाबरलो होतो? डोकं चालेना? नाही हो. डोकं उत्तम चालत होतं. एका पारड्यात काका, एका पारड्यात गाडी — आणि मी गाडी उचलली. ती पण हप्त्याची.

आता पुढचं ऐका. माझ्या शब्दावर अख्खी वाडी किल्ली शोधायला लागली. म्हातारे, बायका, पोरं — ज्या पेंढ्यात घटकाभरापूर्वी साप होता त्यात हात घालून, एकेक पेंढी झटकून, खळ्यावर ओणवे होऊन. काकी नवऱ्याला सोडून पेंढा उपसत होती. आणि मी? मी काकाची नाडी मोजत होतो. मध्येच एकदा मान वर करून विचारलंदेखील, “गावली काय?”

अॅम्ब्युलन्सला फोन लावला. ती कशेडी घाटात, उलटलेल्या ट्रकपाशी. वाडीत दुसरं वाहन नाही. दुपार कलली. काकाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तरीही मी खिशात हात घातला नाही. तेव्हा तरी घालता आला असता ना? आला असता. “गावली गावली” म्हणून ओरडलो असतो तर लोकांनी मला खांद्यावर घेतलं असतं.

शेवटी तुडीलचा इस्माईलभाई सुक्या मासळीचा टेम्पो घेऊन वर आला. त्याने काही विचारलं नाही. टोपल्या रस्त्यावर उतरवल्या, काकाला आत घेतलं. मी मागे काकापाशी बसलो. नाक्यावरची टपरी आली तेव्हा मी काकाच्या छातीवर वाकलो, पार खाली. पोरांना तोंड दिसू नये म्हणून. काकाला वाटलं, मी ठोके ऐकतोय.

काका वाचला. मूत्रपिंडं गेली. महाडचे मोठे डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. मी मान डोलावली — विद्यार्थ्याने डोलवावी तशी.

आणि गाडी? किल्लीच्या शोधात लोकांनी उडवी पार उधळली होती. गाडी उघडी पडली. दुसऱ्याच दिवशी कंपनीची माणसं आली आणि बांधून घेऊन गेली. राहिलेली रक्कम आबांनी वर्षानुवर्षं भरली.

आज महाडला माझा दवाखाना आहे. गणूकाका डायलिसिसला महाडलाच येतो, आठवड्यातून दोनदा. दर वर्षी नव्या भाताचं पोतं माझ्या दारात उतरवतो. “डाक्टर व्हता म्हणून जगलो,” असं दवाखान्यातल्या पेशंटांना सांगतो, मोठ्याने. मी तो भात खातो. गोड लागतो. इस्माईलभाईला कुणी कधी पोतं पाठवलं नाही; मीही नाही.

संध्याकाळी मी काकाला माझ्या गाडीने वाडीवर सोडतो. ही गाडी पूर्ण माझी आहे. काका सावकाश बसतो, डायलिसिसच्या सुयांनी सुजलेला हात मांडीवर ठेवतो, आणि मी किल्ली फिरवणार इतक्यात दर वेळी विचारतो, “काय रे, ती किल्ली गावली काय?” विचारून हसतो.

त्याला ठाऊक आहे? की नुसती जुनी थट्टा? मी कधी विचारलं नाही. ती किल्ली दवाखान्यातल्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. काका त्याच टेबलासमोर बसतो.

मी म्हणतो, “नाय काका.”

परवाही तेच म्हणालो.