बेटावरून परत आलेला फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, जिच्याशी मी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. सांगायला बसले की स्वयंपाकघरात काहीतरी काम निघतं — निघतं कसलं, मीच काढते. आज काढत नाही. साठी उलटली, दमले आहे, आणि लपवायचाही आता कंटाळा आला आहे.

फार मोठं काही असेल असं समजू नका. एका फॉर्मची गोष्ट आहे. खून नाही, चोरी नाही. पण मग इतकी वर्षं मी ती गिळून का बसले?

आधी अक्कांबद्दल सांगते. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. पुण्याहून लग्न होऊन मी बंगळूरच्या बसवनगुडीतल्या घरात आले तेव्हा त्या घरात दोनच माणसं होती — माझा नवरा श्रीकांत आणि त्या. त्यांचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, अकरा महिन्यांत नवरा गेला, आणि त्या माहेरी परत आल्या. आई नव्हती, म्हणून सहा वर्षांच्या श्रीकांतला त्यांनीच वाढवलं. हे लोक बंगळूरला कधी आले ते त्यांचं त्यांनाही आठवत नाही, इतक्या पिढ्या झाल्या. पहिल्याच आठवड्यात अक्का मला म्हणाल्या होत्या, "स्वल्प थांब नीला, भात सरी झाला की हाक मारते." मी आईला पत्रात ते कानडी मिसळलेलं वाक्य — स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक — जसंच्या तसं लिहून पाठवलं होतं. आम्ही दोघी त्यावर पुष्कळ हसलो.

अक्का वाईट होत्या का? नव्हत्या. वाईट असत्या तर हे सांगणं सोपं गेलं असतं. त्या फक्त सगळीकडे होत्या. तांदळाचं धुवण कनकांबराच्या, म्हणजे आपल्या अबोलीच्या, झाडांना घालायचं, भाजीची देठं वेगळ्या बादलीत टाकायची, दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. रद्दीतला एकेक कागद उलटून पाहिल्याशिवाय त्या बाहेर जाऊ देत नसत. बारा वर्षांत मी त्या घरात एक चिठ्ठीसुद्धा त्यांच्या नजरेआड फेकली नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर श्रीकांतला कंपनीकडून बक्षीस मिळालं — लक्षद्वीपातल्या एका बेटावर सहा दिवस, कुटुंबासह, चार माणसं. परदेशी पाहुणे उतरतात असं रिसॉर्ट, निसर्गाला धक्का न लावता बांधलेलं, असं माहितीपत्रकात छापलं होतं. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुक्ता, आणि चौथ्या अक्का. यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. श्रीकांतनं घरी येऊन आधी त्यांनाच सांगितलं.

अक्कांनी समुद्र पाहिला नव्हता. पन्नाशीला टेकलेली बाई, पण त्या दिवसापासून मुक्ताच्या भूगोलाच्या पुस्तकात डोकं घालून बसायला लागल्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "पाणी खारट असतंय म्हणे. पायाला लागलं तर चालतंय ना गं?" त्या बेटांवर जायला सरकारी परवाना लागायचा — फॉर्म, फोटो, पोलीस ठाण्याचा शिक्का. अक्का हिरव्या काठाची साडी नेसून स्टुडिओत गेल्या आणि तीन प्रती काढून आणल्या. एक मला दिली, दोन आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. मी ती फॉर्मला पिनेनं टाचली. घरातले फॉर्म मीच भरते, आजही. पोलीस ठाण्यात कुणी काही विचारलं नाही, चारही फॉर्मवर शिक्के बसले.

आणि मी पाकिटात तीनच घातले.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता त्याचं उत्तर पाठ झालंय. मला सहा दिवस हवे होते. लग्न झाल्यापासून नवरा आणि मूल घेऊन मी एकटी कुठे राहिले नव्हते, आपल्या मनानं चहा ठेवला नव्हता. हे खरं आहे. पण हे अर्धंच आहे. श्रीकांतचे साहेब लोक आपापल्या बायकांना घेऊन येणार होते, आणि त्यांच्यात बसून अक्का 'सरी, सरी' म्हणत मान डोलावतील, ताटातलं मासळीचं काहीतरी बघून पदर नाकाला लावतील — त्याची मला लाज वाटत होती. जिनं माझं बाळंतपण केलं तिची मला लाज वाटत होती. हे उरलेलं अर्धं.

घरी काय सांगायचं? परवाना नाकारला, एवढं पुरलं असतं. पण मला खोटं भक्कम हवं होतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. अक्का माहेरच्या गोदावरी — शाळेच्या दाखल्यावर गोदावरी, गल्लीत सगळ्यांच्या गोदक्का — आणि रेशन कार्डावर सासरचं नाव, शारदाबाई. मी म्हटलं, परवान्याचं काम बघणाऱ्या एजंटचा फोन आला होता, तुमची कागदोपत्री दोन नावं आहेत, ती जुळत नाहीत, म्हणून सरकारनं नाही म्हटलं. श्रीकांत भांडायला निघाला होता. मी म्हटलं, मुदत संपली.

अक्का म्हणाल्या, "सरी. दोन नावांचं माणूस म्हणजे अडचणच की." आणि आमच्या प्रवासासाठी चकल्या करायला घेतल्या.

ते बेट सुंदर होतं. खोटं कशाला बोलू? नारळाच्या झावळ्यांच्या झोपड्या, आत एक पंखा, टीव्ही नाही, फोन नाही. आपला साबण वापरायचा नाही, तेच द्यायचे. आंघोळीचं पाणी बाहेर झाडांना जायचं. दारामागे तीन टोपल्या — एक उष्ट्याखरकट्याची, एक कागदाची, एक प्लॅस्टिकची, आणि जे कुजणार नाही ते होडीनं परत पाठवायचं. पहिल्या संध्याकाळी एका साहेबांची बायको त्या टोपल्यांचं कौतुक करत होती, लोक किती पुढे गेलेत वगैरे. मी मान डोलावली. मुक्ता मोठ्यानं म्हणाली, "आमच्या अक्काकडे पण असंच असतं." त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, मग त्यांना का नाही आणलं?

श्रीकांतनं त्यांना दोन नावांची हकीकत सांगितली. अगदी कळवळून सांगितली. मी समुद्राकडे पाहत बसले. पाणी असं होतं की गुडघाभर आत गेलं तरी पायाची नखं दिसायची. अक्कांच्या पायाला ते लागलं असतं तर चाललं असतं.

तो चौथा फॉर्म माझ्या पर्समध्ये होता. घरात फेकायची सोय नव्हती, म्हणून मी तो तिथपर्यंत नेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रीकांत आणि मुक्ता होडीतून गेल्यावर मी फोटो सोडवला, फॉर्मचे तुकडे केले आणि सगळं कागदाच्या टोपलीत टाकलं. फोटो फाडवला नाही. तसाच टाकला.

दुपारी खोली झाडणारे काका आले. शेजारच्याच बेटावरचे, पांढरी दाढी, हिंदी मोडकंतोडकं. त्यांच्या हातात तो फोटो होता. ते लोकही रद्दी उलटून पाहत होते — मी कुणापासून पळून कुठे आले होते बघा. त्यांनी तो कापडानं पुसून आणला होता. म्हणाले, घरचं माणूस दिसतंय, चुकून गेलं असेल, फोटो कुणी टाकत नाही. मी तो घेतला. थँक्यूसुद्धा म्हणाले.

घरी आल्यावर अक्कांनी पाठ फिरवली तशी मी तो त्यांच्या डब्यात ठेवून दिला. का ठेवला? मला वाटलं असेल, वस्तू जागच्या जागी गेली की झालेलं पुसलं जातं. कोपऱ्यात पिनेची दोन भोकं होती, ती मी नखानं दाबून बुजवली. डब्यात दोन फोटो होते, तिथे तीन झाले. दुधाच्या पिशव्या मोजून ठेवणाऱ्या बाईच्या डब्यात.

त्यानंतर दोनेक महिने अक्का दुपारच्या बाहेर जायला लागल्या. बसनं, एकट्या. विचारलं तर म्हणायच्या, काम आहे स्वल्प. एक दिवस त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. कोर्टाबाहेरच्या नोटरीकडून करून आणलेलं प्रतिज्ञापत्र. यापुढे सर्व कामांसाठी माझं नाव शारदाबाई एवढंच समजावं. ज्या माणसाबरोबर अकरा महिने काढले त्याच्या घरचं नाव त्यांनी ठेवलं होतं, आणि बापानं ठेवलेलं सोडलं होतं. रेशन कार्डावर तेच आहे, म्हणाल्या, सरकारला ते सोपं.

कागदावर फोटो चिकटवलेला होता. हिरव्या काठाची साडी. कोपऱ्यात दोन भोकं.

"आता एकच नाव झालं बघ, नीला," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी अडचण यायची नाही."

त्यांना कळलं होतं का? सरकारकडे गेलेला फोटो डब्यात कसा, हे त्यांनी मोजलं नसेल? की हाताला आला तो चिकटवला? मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, नेहमीसारख्या, भात झाला की नाही बघावं तशा. तेव्हा सांगता आलं असतं. घरात आम्ही दोघीच होतो. त्या थांबल्याही होत्या — चांगल्या मिनिटभर थांबल्या होत्या.

मी म्हटलं, "बरं झालं अक्का." आणि कागद त्यांना परत दिला.

दोन वर्षांनी श्रीकांतनं अक्कांना समुद्र दाखवायला मंगळूरचं काढलं. एका रात्रीचा बसप्रवास, परवाना नाही, काही नाही. अक्का म्हणाल्या, "नको रे. मला नाही म्हटलंय ना एकदा, राहू दे." श्रीकांतला वाटलं त्या सरकारबद्दल बोलताहेत. त्याला अजून तसंच वाटतं. पुन्हा कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच. आणि गल्लीत कुणी गोदक्का म्हणून हाक मारली की त्या थांबून सांगायच्या, शारदाबाई म्हणा हो, कागदावर तसं केलंय. हळूहळू सगळ्यांना सवय झाली.

अक्का गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. समुद्र त्यांनी पाहिला नाही. मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म आला तेव्हा तोही मीच भरला. नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग मी शारदाबाई लिहिलं, खाली सही केली आणि फॉर्म खिडकीत दिला.