पाठवणीतले सारस

कार्यक्रम संपल्यावर पडद्यावर जे येतं, तेवढंच पाहण्यासाठी टीव्ही विकत घेणारा माणूस अख्ख्या भूतलावर एकच झाला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडला. मी आमच्या भाऊजींबद्दल बोलतोय. केशोरीकडची धानाची शेती, पूर्वजांनी खोदलेला गावतलाव, आणि स्वभाव असा की बैल सुटून गेला तरी हातातला चहा आधी संपवतील. अशा माणसाला वेड लागावं कशाचं, तर मालिकांचं वितरण करणाऱ्या एका जुन्या कंपनीच्या बोधचिन्हाचं. मालिका संपून सगळी नावं वर सरकून गेली की निळ्या पडद्यावर पाण्यातून दोन सारस उठत, त्यांच्या पंखांचं एक वर्तुळ होई, खाली कंपनीचं नाव-पत्ता येई आणि जलतरंग वाजे. आपण आळस देऊन उठेपर्यंत ते संपलेलंही असे. भाऊजी मात्र तेवढ्यासाठी अर्धा तास ती मालिका सोसत. तिच्यातली सून कोण आणि सासू कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या घरात सारस उडाल्याशिवाय जागचं हलायची कुणाची टाप नव्हती. मी एकदा पाणी प्यायला उठलो, तर भाऊजींनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. ‘काऊन घाई करून राहिले, बापू? पाखरं तर जाऊ द्या!’ भाचीला पाहायला पाहुणे आले तेव्हा देण्याघेण्याची बोलणी ऐन रंगात होती. तेवढ्यात मालिका संपली आणि घरातली माणसं एकदम गप्प होऊन पडद्याकडे तोंड करून बसली. मुलाच्या वडिलांना वाटलं, या घरचा हा काही नित्यनेम असावा. त्यांनी टोपी नीट केली आणि सारसांना हात जोडले. घराणं देवभोळं आहे, असा त्यांचा ग्रह झाला आणि लग्न तिथेच जमलं.

त्या चिन्हाचा इतिहास भाऊजी एखाद्याने आपल्या घराण्याची वंशावळ सांगावी तसा सांगत. त्यांच्या बोलीत ती ‘निशानी’. पहिली निशानी हाताने काढलेली होती आणि तिच्यातल्या डावीकडच्या सारसाचा पाय उठताना किंचित लटपटे. इतरांना ती चित्रकाराची चूक वाटे. भाऊजींच्या धानाच्या बांधीत दरवर्षी उतरणाऱ्या जोडीतली मादी मात्र अगदी तशीच उठायची. ‘ज्यानं हे काढलं, त्यानं सारस डोऱ्यानं पायला हाय,’ हे त्यांचं मत पक्कं होतं. पुढे निशानीला सोनेरी मुलामा चढला. भाऊजी म्हणाले, ‘हळद लागली पाखराईले.’ तेही त्यांनी चालवून घेतलं. मग संगणक आला आणि कंपनीने खालचं पाणीच काढून टाकलं. त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. ‘पान्याबिगर सारस उतरल कायले?’ एवढंच ते ताईला विचारत राहिले, जणू पाणी तिनेच सोडून दिलं होतं.

शेवटी नव्या तांदळाचं पोतं घेऊन ते मुंबईला गेले. कंपनीच्या माणसांना पाण्याचं महत्त्व समजावून सांगायचं आणि राग येऊ नये म्हणून तांदूळ द्यायचा, असा बेत होता. पडद्यावरच्या पत्त्यावर पोचले, तर तिथे गाद्यांचं दुकान! कंपनी कधीच दुसरीकडे गेली होती. मग भाऊजींनी गादीवाल्यालाच समोर बसवून सारस, बांधी आणि पाणी हे सगळं सांगितलं, तांदूळ त्याला दिला आणि त्याने परतभेट दिलेली उशी काखेत मारून ते घरी आले. आल्यावर म्हणाले, ‘आता पाखरंबी जातीन.’ आणि पाखरं आहेत तोवर टिपून ठेवावीत म्हणून गोंदियाहून एक जुना व्हीसीआर आणला.

भाचीचं लग्न त्याच वर्षी झालं. भाऊजींनी सारस टिपलेही. पण टिपले ते तिच्याच लग्नाच्या कॅसेटवर, ऐन पाठवणीच्या जागी. ताईने आकाशपाताळ एक केलं. भाऊजी खाली मान घालून म्हणाले, ‘चुकलो. बिदाई सारी गेली.’ ताईने ती कॅसेट जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी टाकली आणि पुन्हा तिचं नाव काढलं नाही. वर्षभरात कंपनीनेही सारस काढून टाकले आणि नुसतं वर्तुळ ठेवलं. मग कंपनीच उरली नाही. पण भाचीच्या मनात ती गोष्ट रुतून बसली. जीपमध्ये बसताना गर्दीत तिला वडील दिसले नव्हते. ‘बाबूजी मले निरोप द्याले नाही आले, अन् कॅसेटमधूनबी मलेच पुसलं,’ असं ती हसत हसत म्हणायची; पण त्या हसण्याने कुणी फसत नसे.

यंदा भाचीच्या मुलीचं लग्न ठरलं. आपली पाठवणी निदान जेवढी उरली असेल तेवढी पाहायची, असं भाचीने मनावर घेतलं. गोंदियाच्या स्टुडिओवाल्याने कॅसेटवरची बुरशी पाहून आधीच हात वर केले. ‘जितना निकलेगा उतना देंगे, भाभी.’ कुडव्याला भाचीच्या घरी मोठ्या टीव्हीसमोर आम्ही सगळे जमलो. भाऊजी आता थकलेत. ते दाराजवळ बसून सारखे म्हणत होते, ‘कायले पायता? काहीच नाही त्याच्यात.’

मंगलाष्टकं झाली, जेवणावळी झाल्या. जीप आली. भाची ताईच्या गळ्यात पडली. म्हणजे पाठवणी होती! मग कॅमेरा सरकत जीपच्या मागे गेला. तिथे भाऊजी ताठ उभे होते. त्यांचा खालचा ओठ हलला, हात खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेला, आणि पडदा थरथरून निळा झाला. सारस उठले, वर्तुळ झालं, जलतरंग वाजला. पुन्हा थरथर झाली, आणि भाऊजी जीपचं चाक धरून जमिनीवर बसलेले दिसले. तोंडात दुपट्टा कोंबलेला होता आणि दोन माणसं त्यांना उठवत होती. पुढे जीप निघाली, वळणावर दिसेनाशी झाली. सगळं जसंच्या तसं होतं. गेलं होतं ते तेवढंच.

‘सारी गेली म्हणत होते ना?’ ताई म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

‘बाबूजी, तुमी रडत होते?’

भाऊजी चपला शोधत होते. ‘मोठ्यानं रडलो बाई. कॅसेटीत साऱ्या गावानं ते पायलं असतं. लाज वाटली. मंग पाखरं टाकली त्याच्यावर.’

इतकी वर्षं आम्ही या माणसाच्या वेडाला हसत आलो, आणि त्या वेडाआड तो एवढंच लपवून बसला होता. भाचीने डोळे पुसले आणि पाठवणी पुन्हा पहिल्यापासून लावली. तसे भाऊजी भिंतीचा आधार घेऊन उठायला लागले. भाचीने त्यांचा सदरा धरला.

‘बसा, बाबूजी. पाखरं तर जाऊ द्या.’

भाऊजी मुकाट्याने तिच्या शेजारी बसले.