उन्हाची वाट

ओल्या सिमेंटचा वास आला की मला आमच्या लिफ्टची सुनावणी आठवते. अर्धांगवायूनंतर बाबांना जिना उतरता येईना, म्हणून घराच्या बाजूला मोकळ्या सोडलेल्या जागेत लिफ्ट बांधायचं आम्ही ठरवलं. ते नियमात बसत नव्हतं, तेव्हा महापालिकेकडे सवलत मागितली, आणि शेजारच्या काकूंनी हरकत घेतली, कारण लिफ्टमुळे त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी झाकली जाणार होती. सुनावणीत त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आमचे हे अंथरुणावरच असतात. त्यांची खाट मी मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवलीये. घरात ऊन तेवढं तिथंच येतं." मी तावातावाने म्हणालो, "आणि आमचे बाबा वर्षभर खाली उतरलेले नाहीत, त्याचं काय?" अधिकारी बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदेकाठच्या बोचऱ्या थंडीत त्या स्वतः आल्या, वर जाऊन बाबांशी बोलल्या, मग काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या. आम्हीही मागे थांबलो. बऱ्याच वेळाने खिडकीतून उन्हाची पट्टी आत आली, ओट्यावरून सरकत खाटेवर पोचली, आणि काकांनी डोळे मिटून चेहरा तिकडे वळवला. बाई मला एवढंच म्हणाल्या, "लिफ्ट पुढच्या बाजूला घ्या. तिथली सवलत मी समितीपुढे मांडते." समितीने ती दिली. लिफ्टमधून बाबा पहिल्यांदा उतरले ते थेट काकांकडे गेले आणि खाटेवर त्यांच्याशेजारी बसले. आता दोघंही नाहीत, पण निकाल देण्याआधी कुणी असं उन्हाची वाट बघत उभं राहिलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.