पाठमोरी ओळख

हिवाळ्यातल्या सकाळी, फिनेलने धुतलेल्या फरशीवर ऊन उतरू लागलं, की त्या ओल्या, किंचित झोंबऱ्या वासात हळद घालून शिजवलेल्या भाताची वाफ मिसळते; आणि कुंपणापलीकडच्या तुरीच्या शेतातून येणारा हिरवट गार वारा त्या दोन्ही वासांना थोडं दूर नेऊन पुन्हा आणून सोडतो. वर्ध्यालगतच्या नालवाडीची वस्ती संपून शेतं सुरू होतात, तिथल्या भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात मी पहिल्यांदा गेले ती अशाच एका सकाळी. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला घरातली शांतता खायला उठते. मुलांचं भलं करून झालं, आता कुत्र्यांचंही करून टाकू, अशा जरा चढेल विचारानेच मी त्या फाटकातून आत शिरले, हे आज कबूल करायला हरकत नाही.

निवाऱ्याचं सगळं पाहायच्या त्या कुसुमताई. नालवाडीच्याच राहणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या, पदर कमरेला खोचलेल्या आणि पायांत काळे रबरी बूट घातलेल्या. मी जयभीम केल्यावर त्यांनी हसून जयभीम केला, हातातला झाडू खाली ठेवला नाही, आणि झाडता झाडताच मला सगळी बिऱ्हाडं दाखवली. तिथल्या कुत्र्यांना मोती, राजा, टायगर अशी नावं नव्हती. ज्या गावाहून जे आलं त्या गावाचंच नाव त्याला. उपचार झाले, नसबंदी झाली, की भटक्या कुत्र्याला जिथून आणलं तिथंच नेऊन सोडायचं, असा नियम आहे. कुणी पाळायला घरी नेलं तरच त्याची त्यातून सुटका. म्हणून गाव विसरायचं नाही, एवढ्यासाठी ही पद्धत. मला मात्र ती ऐकून आमच्याकडच्या सुना आठवल्या. लग्न होऊन आलेल्या बाईला सासरी तिच्या नावाने क्वचितच कुणी हाक मारतं. ती आयुष्यभर आपल्या माहेरच्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. शेवटच्या जाळीपाशी कुसुमताई थांबल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "हे आपली तळेगाववाली."

मला काहीच दिसलं नाही. आडव्या ठेवलेल्या एका निळ्या पिंपात अंधार होता आणि त्या अंधारात दोन डोळे होते. तळेगाव श्यामजी पंतपाशी, हायवेवर, ट्रकच्या धक्क्याने तिचा मागचा पाय मोडला होता. पाय जोडला गेला होता, जखमही भरत आली होती, पण भीती जिथल्या तिथे होती. माणूस दिसेनासा झाल्याखेरीज ती जेवत नसे. मी जाळीशी वाकले आणि माझ्या परीने अगदी मायेने म्हणाले, "अगं, ये ना बाहेर!" पिंप थरथरू लागलं. प्लास्टिकचं ते पिंप फरशीवर बारीक वाजत होतं, तो आवाज अजून माझ्या कानांत आहे.

माझा आवाज हा शाळेत विनोदाचा विषय होता. मी सातवीत शिकवत असले की पाचवीचा वर्ग आपोआप गप्प बसतो, असं सहकारी म्हणत, आणि मी ते कौतुक म्हणून मिरवत असे. त्या थरथरणाऱ्या पिंपासमोर मला प्रथमच वाटलं, की ते कौतुक नसावं.

कुसुमताईंनी मला दूर नेलं. "मॅडम, तिच्याकडं पाहू नोका. बोलूबी नोका. पाठ करून बसा फक्त. तिले वाटू द्या का आपल्याले कोनी पाहून नाई राह्यलं." मी विचारलं, किती दिवस? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी एखाद्या ढ मुलाकडे पाहत असे. "ते थोडीच आपल्या हातात हाय?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्या जाळीच्या आत, पिंपापासून दहा पावलांवर, एका पाटावर पाठमोरी बसू लागले. समोर कुंपण, कुंपणावर चढलेला गुळवेल, पलीकडे पिवळ्या फुलांनी भरलेली तूर आणि तिच्यावरून सरकत जाणारं कोवळं ऊन. पहिल्या आठवड्यात काही म्हणजे काही घडलं नाही. पी हळद आणि हो गोरी हा माझा जन्माचा स्वभाव. मान वळवून एकदा पाहावं, एक शब्द बोलावा, म्हणून जीव नुसता तडफडे. मग हळूहळू डोळ्यांचं काम कान करू लागले. पिंपाच्या कडेवर नखं घासल्याचा आवाज. मग शांतता. मग तीन पायांचा ठाम आणि चौथ्याचा चोरटा, अर्धवट टेकलेला आवाज. मग पुन्हा पिंपात धाव. पुढच्या दिवशी तो आवाज एखादं पाऊल जवळ आलेला असे, किंवा दोन पावलं मागे गेलेला. फळ्यावर लिहायला मी वर्गाकडे पाठ केली, की वर्गात जी कुजबुज सुरू व्हायची, ती मला त्या दिवसांत फार आठवली. गर्रकन वळून, खडू फेकून, ती कुजबुज बंद पाडण्यात मी तीस वर्षं घालवली. मुलं तेवढाच वेळ मुलं असत, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

आणि एका सकाळी माझ्या कोपराला ओलं, गार काहीतरी टेकलं. मग श्वासाची ऊब लागली. ती हुंगत होती. पदराचं टोक, पाठ, मानेमागची वेणी, सगळं सावकाश वाचून काढत होती. मी हलले नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हातसुद्धा उचलला नाही. आयुष्यात मला पुष्कळ नमस्कार मिळाले, शाली मिळाल्या. पण एवढा मोठा मान मला कुणी दिला नव्हता. शूर कुत्रं धावत अंगावर येतं त्यात त्याचं काय जातं? जिच्या अंगावरून मरण गेलेलं आहे, तिने एका माणसाच्या दिशेने दहा पावलं टाकायची, रोज भिऊन परत फिरायचं आणि रोज पुन्हा निघायचं, ह्याला काय म्हणावं? भित्रेपणा हा शब्द मी तिच्यापुरता तेव्हाच सोडून दिला.

कुसुमताईंचं तर मला नवलच वाटे. त्या औषधाची गोळी भातात कालवून वाडगा पाठीमागे सरकवीत, आणि पाठमोऱ्याच उभ्या राहून, नुसत्या चाटण्याच्या आवाजावरून, गोळी खाल्ली की बाजूला टाकली हे सांगत. कुठे शिकलात, विचारलं तर म्हणाल्या, "पोट भरून राह्यलं का नाई हे आवाजावरून कळतेच की, मॅडम." त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं.

मग मी घोळ केला. कुसुमताईंनी मोबाइलवरून पाठवलेला तळेगाववालीचा फोटो पाहून वर्ध्याचं एक तरुण जोडपं आलं. चांगली माणसं होती, बंगल्याला मोठं आवार होतं. तळेगाववाली पिंपाच्या तोंडाशी आलेली होती, अर्धी उन्हात. त्यांनी तिला पाहावं, तिने त्यांना पाहावं, या उमाळ्यात माझ्या तोंडाचं कुलूप गळून पडलं. "ये, ये बाळ, घाबरायचं नाही!" मी म्हणाले. म्हणजे ओरडले. सातवीतून पाचवीत ऐकू जाणाऱ्या आवाजात. ती आत गेली आणि पिंप थरथरू लागलं. जोडप्याने अर्धा तास वाट पाहिली, मग आंजीहून आलेलं एक गुबगुबीत पिल्लू पसंत केलं आणि ते गेलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. कुसुमताईंनी नुसता झाडू उचलला आणि पुढची जाळी झाडायला घेतली, हे जास्त लागलं.

त्या दिवसानंतर आठवडाभर ती माझ्या पाठीशी आली नाही. आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पाय बरा झाल्याचं सांगितलं. बरं होणं ही एरवी आनंदाची गोष्ट. इथे तिचा अर्थ असा, की सोमवारी गाडी तळेगावकडे जाईल आणि तिला हायवेच्या कडेला, तिच्या जागी सोडून येईल. तो पाय रस्ता ओलांडण्याइतका पुन्हा कधीच चपळ होणार नव्हता. मी रात्रंदिवस एकच हिशेब मांडत होते, की तिला आपल्याच घरी का नेऊ नये. पण माझं घर गावातल्या भर रस्त्यावर; दाराशी दिवसभर ट्रकचे हॉर्न. निवाऱ्याजवळून एखादा ट्रॅक्टर गेला तरी ती फरशीला चिकटून पडे. तिला घरी नेणं म्हणजे माझं मन शांत करायला तिला त्या भीतीत कायमचं नेऊन ठेवणं, हे मला कळत होतं. तसं कळणं मला मुळीच आवडलं नव्हतं.

रविवारी सकाळी आंजी मोठीचा एक शेतकरी आणि त्याची बायको आली. त्याला शेतावर राखणीला कुत्रं हवं होतं. रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. तो कुसुमताईंबरोबर एकेक जाळी पाहत, बैलबाजारात हिंडावं तसा हिंडू लागला. बायकोचं, बेबीताईंचं, त्यात लक्ष नव्हतं. वर्ध्याला लेकीकडे न्यायच्या तुरीच्या शेंगांची पिशवी त्यांच्या हातात होती. थंडी मी म्हणत होती. त्यांनी उन्हाचा तुकडा शोधला, तो नेमका शेवटच्या, उघड्या जाळीच्या उंबऱ्याशी होता. तिथल्या माझ्या पाटावर त्या टेकल्या, पाठीला ऊन लागावं म्हणून आतल्या बाजूला पाठ केली, आणि पिशवी मांडीवर घेऊन शेंगा सोलू लागल्या.

मी समोर भिंतीशी उभी होते. शेंगा फुटत होत्या, दाणे ओच्यात पडत होते, आणि त्यांच्या पाठीमागे पिंपातून एक बदामी तोंड बाहेर आलं. मग मान. मग पुढचे पाय. मला वाटलं, बाईंना सांगावं, वळू नका. पण सांगणं म्हणजे आवाज. मी पदराचा बोळा तोंडात धरला. आतून देव देव करत होते, हे एवढंच मला नीट आठवतं. तिने दहा पावलं टाकली. बेबीताईंच्या पाठीला नाक लावलं, बराच वेळ हुंगलं. आणि मग, माझ्याजवळ कधीच केलं नव्हतं ते केलं. त्यांच्या पाठीला आपलं अंग टेकून, सुस्कारा टाकून, ती खाली बसली.

बेबीताईंचे हात थांबले. त्या वळल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "कोन हाय व?"

कुसुमताई परत येऊन माझ्याजवळ उभ्या होत्या. "तळेगावची हाय. श्यामजी पंताच्या."

"माह्या माहेरची," बेबीताई म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या.

शेतकरी आला, त्याने एकवार पाहिलं आणि मान हलवली. "अवं, राखनीले हे काय कामाची? डुकरं आले त हेच पह्यले पळून जाईन."

"राखन तुमी करा," बायको म्हणाली. "हे माह्यासंग राहीन. मीबी लगन होऊन आली तवा महिनाभर कोनासंग बोलली नाई. तुमी मले सोडून आले काय तळेगावले?"

त्यावर त्या भल्या माणसाने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि अर्ज कुठे भरायचा ते कुसुमताईंना विचारलं. शेत रस्त्यापासून आत, बैलबंडीच्या वाटेवर आहे, ट्रक तिथवर येतच नाही, हेही त्याने आपणहून सांगितलं. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

फाटकाबाहेर त्यांनी भाड्याने आणलेली छोटी मालगाडी उभी होती. गोणपाट अंथरून, बेबीताई आत जाऊन पाठमोऱ्या बसल्या. पण आम्ही सगळे पाहत होतो, आणि ती फाटकाशी अडून थरथरत उभी होती. "मॅडम," कुसुमताई पुटपुटल्या, "पाठ करा."

आम्ही सगळ्यांनीच पाठ केली. मी, कुसुमताई, तो शेतकरीदेखील. समोर तुरीचं शेत उन्हात पिवळं झालं होतं. मागे तीन ठाम पावलं आणि एक चोरटं पाऊल वाजलं, मग थांबलं, मग पुन्हा वाजलं, गोणपाट खसखसलं. शेतकरी हलक्या पायांनी गेला. गाडीची मागची फळी लागली. इंजिन सुरू झालं, आवाज लांब जात जात विरला. "आता पाहा," कुसुमताई म्हणाल्या. पण आता काय पाहायचं होतं? मी तशीच उभी राहिले. वळणावर गाडी दिसेनाशी होण्याआधी तिने मागे पाहिलं की नाही, मला कळायचं नाही. पाहिलं असेल, तर तिला माझी पाठ दिसली असेल. तिला माझी तेवढीच तर ओळख होती.