तिच्या बोलण्याची नक्कल

आज आमच्या उटनूरच्या बाजारात भाजीवालीनं गावच्या बोलीत विचारलं, "काऊन थांबले, भाऊ?" आणि मला सुमन आठवली.

नागपूरला शिकताना वादविवाद मंडळात नव्यांना तयार करणाऱ्या प्रशिक्षकाच्या पदासाठी आम्ही दोघं उभे होतो. ती नार्नूरची, उटनूरजवळचीच; बोली आमची एकच. माझं पहिलं भाषण तिनंच बसवून घेतलं होतं.

प्रचाराच्या सभेत मी माईकवर तिची नक्कल केली, "आमी शिकवू, तुमी शिका!" सभागृह खदखदून हसलं. सुमननं हातातल्या कागदाची घडी घातली. ती म्हणाली, "तू बी तं घरी असाच बोलतं ना रे?"

"माझ्या घरी शिकलेली माणसं राहतात," मी म्हणालो.

मी निवडून आलो. सुमन पुन्हा मंडळात आली नाही. वर्षभर आईचा फोन आला, की मी खोलीबाहेर जाऊन हळू आवाजात त्याच बोलीत बोलायचो.